संगणकाच्या सूचना : हस्तलिखित आणि यंत्रलिखित

लखनौ शहरातील अमीनाबाद ही पेठ अवधचा नबाब अमजद अली शाह याचा वजीर अमीनउद्दौला याच्या नावाने ओळखली जाते. या पेठेत जाणारा परगावचा मनुष्य चिकनचे कापड पाहिल्यावाचून सहसा परत येत नाही. पांढऱ्या मलमलीवर पांढऱ्याच दोऱ्याने भरलेली वेलबुट्टी पाहताना ती कोणा एका कुशल हाताने आरंभापासून अखेरपर्यंत काढली असावी, असे त्याला वाटते. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. भरतकाम सुरू होण्यापूर्वी लाकडी ठप्पा निळसर कच्च्या रंगात बुडवून कापडावर वेलीची रेघ उमटविली जाते. एकच ठप्पा शेकडो कापडांवर तीच वेल उमटवितो. त्यानंतर कापड भरणारीच्या हाती जाते. कोठे मुर्री घालावी, कोठे फंदा आणि कोठे जाळी, हे तिच्या सुईने ठरते. शेवटी कापड धुतले जाते. ठप्प्याचा रंग निघून जातो आणि हाताचे काम मागे राहते.

या कारागिरीत दोन गोष्टींची वाटणी आहे. जे पुन्हा पुन्हा तेच असावयाचे ते ठप्प्याकडे, आणि ज्यात निवड व विचार आहे ते हाताकडे. ही वाटणी इतकी जुनी व इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. संगणकाच्या जगात मात्र हीच वाटणी वारंवार चुकते, आणि ती चुकली म्हणजे एखाद्या वाचनालयाची ग्रंथसूची निरुपयोगी होण्यापासून जगातील सहस्रावधी संकेतस्थळे बंद पडण्यापर्यंत अनेक अनर्थ घडतात. ती कशी करावी, हा या लेखाचा विषय आहे.

सूचना-फाइल म्हणजे काय?

संगणकावर चालणारी प्रत्येक आज्ञावली, म्हणजे प्रोग्राम, ती तयार करणाऱ्याने सर्वांसाठी एकसारखीच लिहिलेली असते. परंतु ती जेथे वापरावयाची तेथील गरजा एकसारख्या नसतात. एका कचेरीत छपाईयंत्र तळमजल्यावर असते, दुसरीत ते माडीवर असते. एका शाळेला मराठी अक्षरे हवीत, दुसरीला उर्दू. या स्थानिक गोष्टी आज्ञावलीच्या पोटात कायमच्या कोरून ठेवल्या, तर प्रत्येक गिऱ्हाइकासाठी निराळी आज्ञावली लिहावी लागेल. म्हणून त्या एका वेगळ्या फाइलीत साध्या ओळींच्या रूपाने लिहून ठेवतात. आज्ञावली सुरू झाली की प्रथम ती फाइल वाचते आणि तदनुसार वागते. या फाइलीस कॉन्फिगरेशन फाइल असे म्हणतात. आपण तिला पुढे सूचना-फाइल म्हणू.

सूचना-फाइल बहुधा अगदी साधी असते. डाव्या बाजूस गोष्टीचे नाव, उजव्या बाजूस तिचे मूल्य. 'किती सेकंद थांबावे : पाच', 'भाषा : मराठी', अशा तिच्या ओळी असतात. शिवाय एखाद्या विशिष्ट चिन्हाने आरंभ होणारी ओळ आज्ञावली वाचत नाही. ती माणसासाठी असते. 'अमुक दुरुस्ती अमुक कारणासाठी केली' असे टिपण तेथे लिहिता येते. ही टिपणाची ओळ पुढे महत्त्वाची ठरणार आहे, म्हणून वाचकांनी ती ध्यानात ठेवावी.

हाताने लिहिलेल्या यादीची मर्यादा

आरंभी या सर्व फाइली माणसे हाताने लिहीत. त्यांतील एका फाइलीचा इतिहास बोधप्रद आहे. आजच्या इंटरनेटचा पूर्वज असलेले 'अर्पानेट' हे संगणकांचे जाळे अमेरिकेत १९६९ साली सुरू झाले. कोणत्या नावाचा संगणक कोणत्या अंकी पत्त्यावर आहे, हे सांगणारी एकच मोठी यादी त्या जाळ्यात होती. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेत एलिझाबेथ फाइन्लर यांच्या नेतृत्वाखालील मंडळी ती यादी सांभाळीत. कोणी नवा संगणक जोडला की त्याने तेथे कळवावयाचे, तेथील मंडळींनी यादीत नोंद करावयाची आणि सर्वांनी ती यादी आपापल्या संगणकावर उतरवून घ्यावयाची, अशी रीत होती.

संगणक थोडे होते तोपर्यंत हे निभावले. संख्या वाढू लागली तशी अडचण वाढली. यादी लांबत गेली, नोंदी वाढल्या, आणि एकाच्या संगणकावर नवी यादी तर दुसऱ्याच्या संगणकावर जुनी, असा घोळ होऊ लागला. १९८३ च्या नोव्हेंबरात पॉल मॉकापेट्रिस यांनी निराळी योजना प्रसिद्ध केली. तीनुसार एक मोठी यादी मोडून तिचे लहान विभाग करावयाचे, प्रत्येक विभाग त्याच्या त्याच्या मालकाने सांभाळावयाचा, आणि विचारणा आली की संगणकांनी एकमेकांस विचारून उत्तर शोधावयाचे. हीच आजची 'डोमेन नेम सिस्टिम', म्हणजे नावांवरून पत्ते शोधण्याची व्यवस्था होय. जुन्या यादीचा एक लहानसा वंशज आजही प्रत्येक संगणकात असतो. चारदोन नावे हाताने लिहिण्यापुरता तो उपयोगी पडतो.

या इतिहासावरून पहिला धडा मिळतो. हाताने लिहिणे चूक नाही. परंतु हाताच्या कामाला संख्येची मर्यादा आहे. एका संगणकाची फाइल हाताने लिहिण्यात शहाणपण आहे, तर शंभर संगणकांची तीच फाइल शंभरदा लिहिण्यात चुकीला आमंत्रण आहे. नव्व्याण्णव ठिकाणी दुरुस्ती झाली आणि शंभराव्या ठिकाणी राहिली, असे हटकून घडते.

यंत्र फाइल कशी लिहिते?

म्हणून फाइली लिहिण्याचे काम यंत्राकडे आले. त्यासाठी दोन वस्तू लागतात. पहिली वस्तू साचा. त्यात फाइलीचा कायमचा मजकूर असतो आणि बदलणाऱ्या जागा रिकाम्या सोडलेल्या असतात. दुसरी वस्तू म्हणजे त्या रिकाम्या जागी भरावयाच्या मूल्यांची लहानशी यादी. आज्ञावली साचा घेते, यादीतील मूल्ये त्यात भरते आणि पूर्ण फाइल तयार करते. ठप्पा आणि रंग यांच्यापासून कापडावर वेल उमटावी तसेच हे आहे.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण टपालाचे आहे. एरिक ऑलमन यांनी बर्कली येथे तयार केलेली 'सेंडमेल' ही आज्ञावली इंटरनेटवरील पत्रे पोचविण्याचे काम करीत असे. तिची सूचना-फाइल चिन्हांनी इतकी भरलेली होती की अनुभवी माणसेही ती हाताळण्यास कचरत. अखेरीस असे ठरले की माणसाने काही सुबोध ओळींची एक लहान फाइल लिहावी आणि 'एम-फोर' या आज्ञावलीने तीवरून मोठी अवघड फाइल तयार करावी. एम-फोर ही ब्रायन कर्निघन व डेनिस रिची यांची कृती. मोठ्या फाइलीला मग माणसाचा हात लागण्याचे कारण उरले नाही.

दुसरे उदाहरण आजही लक्षावधी संगणकांत पाहावयास मिळते. लिनक्स कार्यप्रणालीच्या अनेक संगणकांत यंत्र सुरू होताच 'ग्रब' नावाची आज्ञावली प्रथम जागी होते आणि पुढे काय चालू करावयाचे ते ठरविते. तिची मुख्य सूचना-फाइल यंत्रलिखित असते, आणि तिच्या डोक्यावरच 'या फाइलीत फेरबदल करू नये' अशी तंबी असते. ती फाइल तीन ठिकाणांहून तयार होते. एका लहान फाइलीत घरमालकाच्या निवडी असतात : किती वेळ थांबावे, कोणती प्रणाली आधी घ्यावी. साचे एका वेगळ्या कप्प्यात असतात. आणि त्याच कप्प्यात एक रिकामी फाइल मुद्दाम ठेवलेली असते. ज्याला स्वतःच्या हाताने काही अधिक लिहावयाचे असेल त्याने ते तेथे लिहावे, यंत्र ते जसेच्या तसे अंतिम फाइलीत उतरवून घेते. या तिसऱ्या जागेचे महत्त्व मोठे आहे. हाताला मज्जाव केला तर हात चोरवाटेने येतो; त्याला जागा दिली तर तो आपल्या जागी राहतो.

दोन धनी, एक ओळ

आता अडचण कोठे उद्भवते ते पाहू. चिकनच्या कापडावर आधी ठप्पा पडतो आणि मग सुई चालते. भरलेल्या कापडावर कोणी पुन्हा ठप्पा मारीत नाही. येथे आपला दृष्टान्त संपतो. संगणकात ठप्पा एकदाच पडत नाही. आज्ञावलीची नवी आवृत्ती आली, नवे यंत्र जोडले, की तो पुन्हा पडतो. आणि पडताना आधीची फाइल पुसून तिच्या जागी नवी ठेवतो. मधल्या काळात कोणी त्या फाइलीत हाताने भरतकाम केले असेल, तर ते निमूटपणे नाहीसे होते.

समजा, अमीनाबादसारख्या वस्तीत एक सार्वजनिक वाचनालय आहे. त्यात हिंदी, उर्दू व इंग्रजी पुस्तके आहेत आणि ग्रंथसूची संगणकावर आहे. त्यासाठी 'कोहा' हे सॉफ्टवेअर वापरले आहे. कोहा न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी तयार झाले आणि २००० सालच्या आरंभी तेथे सुरू झाले. ते कोणासही विनामूल्य वापरता येत असल्यामुळे भारतातील अनेक ग्रंथालयांनी ते स्वीकारले आहे. कोहातील पुस्तके शोधण्याचे काम 'झेब्रा' नावाच्या यंत्रणेकडे दिले असेल, तर शब्द कसे ओळखावेत हे तिला एका लहानशा सूचना-फाइलीतून सांगावे लागते. त्यासाठी दोन पद्धती आहेत. एक पद्धत अक्षरांच्या ठरावीक तक्त्यावर चालते. हा तक्ता युरोपीय लिपी डोळ्यांपुढे ठेवून केलेला आहे. दुसरी पद्धत जगातील सर्व लिप्यांसाठी ठरलेल्या युनिकोडच्या नियमांवर चालते. देवनागरी व उर्दू शब्दांचा शोध नीट लागावयाचा, तर दुसरी पद्धत निवडावी लागते. हा बदल काही थोड्या ओळींचा आहे आणि अनेक ग्रंथालये तो हाताने करतात.

आपल्या वाचनालयातील ग्रंथपालानेही तो केला. अनुक्रमणिका नव्याने बांधली. 'लखनऊ' हा शब्द देवनागरीत लिहिला की त्या विषयाची सर्व पुस्तके पडद्यावर येऊ लागली. दोन वर्षे गेली. ग्रंथपालाची बदली झाली. कोहाची नवी आवृत्ती आली, आणि ती बसविताना संगणकाने एक प्रश्न विचारला. नव्या मनुष्याला त्याचा अर्थ कळला नाही. नवे ते चांगले, असे समजून त्याने नवी फाइल स्वीकारली. पुढे अनुक्रमणिका पुन्हा बांधली गेली, तेव्हा कोणताही गजर वाजला नाही, कोणताही दिवा विझला नाही. इंग्रजी पुस्तके पूर्ववत सापडत होती. मात्र हिंदीत शब्द लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला 'असे पुस्तक नाही' असे उत्तर मिळू लागले. पुस्तक तेथून दहा पावलांवर फळीवर उभे होते. यंत्र नाही म्हणते, तेव्हा पुस्तक नसेलच, असे मानून विद्यार्थी परत गेला.

ही हानी मोठा आवाज करीत नाही, म्हणूनच ती अधिक घातक आहे. येथे दोष हाताचा नव्हता, तसाच यंत्राचाही नव्हता. एकाच ओळीला दोन धनी होते आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता, हा दोष होता.

संगणकाने विचारलेला तो प्रश्न मात्र विचारी माणसांनी योजलेला होता. १९९३ साली सुरू झालेल्या 'डेबियन' या लिनक्सच्या शाखेत सूचना-फाइलींविषयी एक सुंदर नियम आहे. नवी आवृत्ती बसविताना यंत्र तीन प्रती ताडून पाहते : पूर्वी दिलेली मूळ प्रत, सध्या संगणकात असलेली प्रत आणि नव्याने आलेली प्रत. सध्याची प्रत मूळ प्रतीसारखीच असेल, तर माणसाने तिला हात लावलेला नाही हे उघड आहे. मग यंत्र न विचारता नवी प्रत ठेवते. माणसाने बदल केला आहे, परंतु नव्या आवृत्तीत त्या फाइलीत काही फरक नाही, तर माणसाची प्रत तशीच राहते. दोन्ही बाजूंनी बदल झाला असेल तरच यंत्र थांबते आणि विचारते : तुमची प्रत ठेवू की नवी घेऊ? माणसाने नुसतेच बटण दाबून पुढे जावयाचे ठरविले, तर त्याची प्रत राहते. अर्थात हाताच्या कामाचा मान राखण्याकडे नियमाचा कल आहे. तरीही तो पुरा पडत नाही. जुनी प्रत ठेवली तर नव्यातील चांगल्या सुधारणा येत नाहीत. नवी घेतली तर हाताचे काम जाते.

ओळीला एकच धनी

यावर सर्वांत निर्वेध उपाय म्हणजे दोघांची घरे वेगळी करणे. मुख्य फाइल बनविणाऱ्याची. तिला स्थानिक माणसाने हात लावू नये. स्थानिक बदल एका वेगळ्या लहान फाइलीत असावेत आणि आज्ञावलीने ती फाइल नंतर वाचावी. दोघांत विरोध आला तर नंतर वाचलेल्याचे खरे. असे झाले म्हणजे मुख्य फाइल हवी तितक्या वेळा बदलो, स्थानिक निवड अबाधित राहते.

अक्षरांचे वळण निवडणाऱ्या 'फॉन्टकॉन्फिग' या व्यवस्थेत ही रीत स्पष्ट दिसते. देवनागरीसाठी कोणता फॉन्ट आधी घ्यावा यांसारख्या सूचना तेथे एका कप्प्यात अनेक लहान फाइलींत ठेवलेल्या असतात. प्रत्येक फाइलीच्या नावाचा आरंभ अंकांनी होतो आणि त्या अंकांच्या क्रमाने त्या वाचल्या जातात. संगणकाच्या मालकासाठी त्या रांगेत एक वेगळी जागा राखून ठेवलेली आहे. नवा फॉन्ट आला तर तो आपली फाइल घेऊन येतो, गेला तर घेऊन जातो; दुसऱ्याच्या लिखाणावर कोणी रेघ ओढीत नाही.

प्रत्येक आज्ञावलीत अशी सोय असतेच असे नाही. तेथे नोंदवहीचा आश्रय घ्यावा. कोणत्या फाइलीत कोणती ओळ बदलली, आधी काय होते, नंतर काय केले, केव्हा आणि का, हे लिहून ठेवावे. वरील ग्रंथपालाने भिंतीवरच्या कपाटात अशा चार ओळींचा कागद लावून ठेवला असता, तर बदलीनंतरही वाचनालयाची स्मृती शाबूत राहिली असती. मोठ्या संस्था हेच काम 'गिट'सारख्या आज्ञावलीकडून करून घेतात. गिट ही लायनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली तयार केली. फाइलीतील प्रत्येक बदल ती तारखेसह व करणाऱ्याच्या नावासह जपून ठेवते.

येथे टिपणाच्या ओळीकडे पुन्हा वळले पाहिजे. यंत्र मूल्य लिहू शकते. ते मूल्य का निवडले, हे त्याला ठाऊक नसते. 'पाच' हा आकडा साच्यातून येईल, पण 'जुने यंत्र सावकाश सुरू होते म्हणून पाच' हे वाक्य माणसाच्याच हातचे असावयास हवे. ज्या फाइलीत माणसाची निवड लिहिली जाते, त्याच फाइलीत तिचे कारणही लिहावे. यंत्रलिखित फाइलीत लिहिलेले कारण पुढच्या ठप्प्याबरोबर पुसले जाते.

यंत्राच्या लिखाणावर किती भरवसा ठेवावा?

एवढे वाचून कोणास वाटेल की सर्व काही यंत्राकडे सोपविले म्हणजे काळजी मिटली. हा समज दोन प्रसंगांनी खोटा ठरविला आहे.

पहिला प्रसंग स्वीडनमधील. त्या देशाच्या संकेतस्थळांच्या नावांच्या शेवटी 'एस-ई' ही अक्षरे येतात. या सर्व नावांची मुख्य फाइल यंत्राने तयार केलेली असते. या प्रकारच्या फाइलीत पूर्ण नावाच्या अखेरीस एक बिंदू द्यावा लागतो. बिंदू नसला तर नाव अपुरे आहे असे समजून संगणक त्याच्यापुढे आपल्या विभागाचे नाव जोडतो. एखाद्या पाकिटावर गावाचे नाव असतानाही टपाल कचेरीने तेच नाव पुन्हा लिहावे, तसे होते. १२ ऑक्टोबर २००९ रोजी फाइल तयार करणाऱ्या आज्ञावलीत चूक राहिली आणि तिने हे बिंदू दिलेच नाहीत. परिणामी त्या देशाच्या नऊ लाखांहून अधिक नावांचे पत्ते एकाच वेळी चुकले. दुरुस्ती लवकर झाली. तथापि जगभरच्या संगणकांनी चुकीचे उत्तर आपल्या स्मृतीत साठवून ठेवले होते, त्यामुळे त्रास त्यानंतरही काही काळ चालू राहिला. हाताने लिहिणारा एका नावाचा बिंदू विसरला असता. यंत्र विसरले ते सर्वच नावांचे.

दुसरा प्रसंग अलीकडचा आहे. 'क्लाउडफ्लेअर' ही कंपनी असंख्य संकेतस्थळांच्या पुढे राहून त्यांची रहदारी सांभाळते. खरा वाचक कोण आणि यांत्रिक घुसखोर कोण हे ओळखण्यासाठी तिचे संगणक एक सूचना-फाइल वापरतात. ती दर पाच मिनिटांनी आपोआप तयार होते आणि जगभर पाठविली जाते. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी कंपनीने आपल्या माहितीसाठ्याच्या परवान्यांत एक फेरफार केला. त्यामुळे फाइल तयार करणाऱ्या विचारणेला त्याच त्याच ओळी दोनदा मिळू लागल्या आणि फाइल सुमारे दुप्पट फुगली. ती वाचणाऱ्या आज्ञावलीत २०० नोंदींची मर्यादा घातलेली होती. ती ओलांडली जाताच आज्ञावली कोसळली. भारतीय वेळेनुसार सायंकाळी पाचच्या सुमारास जगातील असंख्य संकेतस्थळांवर वाचकांना त्रुटीचे पान दिसू लागले. माहितीसाठ्याच्या काही भागांतच फेरफार झालेला असल्यामुळे कधी चांगली तर कधी वाईट फाइल तयार होई. व्यवस्था सावरे आणि पुन्हा पडे. हा बाहेरचा हल्ला असावा, असाच तंत्रज्ञांना प्रथम संशय आला. अखेर त्यांनी फाइलींची निर्मिती थांबविली, आधीची चांगली ठरलेली प्रत स्वतः तिच्या जागी ठेवली आणि यंत्रणा पुन्हा सुरू केली. रात्री आठच्या सुमारास बहुतेक रहदारी पूर्ववत झाली.

या घटनेनंतर कंपनीने जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांतील एक फार मोलाचा आहे. बाहेरच्या माणसाने दिलेली माहिती संगणक संशयाने तपासतो : आकार योग्य आहे काय, मूल्ये मर्यादेत आहेत काय? आपल्याच यंत्राने लिहिलेली फाइल मात्र घरची म्हणून न तपासता आत घेतली जाते. यापुढे घरच्या फाइलीलाही तोच संशय लावावा, असे कंपनीने ठरविले. यंत्र थकत नाही, तसेच ते शंकाही घेत नाही. शंका घेणे माणसाने त्याला शिकवावे लागते.

समतोल

आता या सर्व विवेचनाचा निष्कर्ष काढता येईल. हात श्रेष्ठ की यंत्र श्रेष्ठ, हा प्रश्न मुळातच चुकीचा आहे. जेथे निर्णय आहे तेथे हात असावा, जेथे पुनरावृत्ती आहे तेथे यंत्र असावे, आणि दोघांच्या मधली रेघ सर्वांना दिसेल अशी असावी.

ही रेघ राखण्यासाठी पुढील नियम पुरेसे आहेत. माणसाने लिहावयाची फाइल लहान व सुबोध असावी आणि तिच्यात निर्णयाबरोबर कारणही असावे. यंत्रलिखित फाइलीच्या शिरोभागी ती कोणत्या फाइलीवरून तयार झाली हे लिहिलेले असावे, म्हणजे दुरुस्ती कोठे करावयाची ते वाचणाऱ्यास कळेल. नुसती 'हात लावू नका' अशी तंबी पुरेशी नाही. यंत्रलिखित फाइलीत चूक आढळली तर ती तेथे न सुधारता तिच्या मूळ फाइलीत किंवा साच्यात सुधारावी. आणीबाणीत तेथेच सुधारावी लागली, तर त्याच दिवशी मूळही सुधारावे. हातची आणि यंत्राची, अशा दोन्ही फाइली वापरात आणण्यापूर्वी सारख्याच कसोशीने तपासाव्यात. आणि शेवटची चांगली ठरलेली प्रत नेहमी जपून ठेवावी. संकटसमयी तीच कामास येते.

एकच संगणक असेल आणि वर्षातून एकदाच बदल करावयाचा असेल, तर साचे व आज्ञावल्या यांचा खटाटोप व्यर्थ आहे. तेथे हाताने लिहावे, टिपण ठेवावे आणि स्वस्थ बसावे. यंत्राला शिकविण्याचे श्रम वाचणाऱ्या श्रमांहून अधिक होत असतील, तर तो व्यवहार तोट्याचा होय. चिकनचा कारागीरही एकाच रुमालासाठी नवा ठप्पा कोरवून घेत नाही.

करून पाहावे

शाळेतील विद्यार्थ्यांना हा विषय संगणकावाचूनही अनुभवता येईल. वर्गात चार गट करावेत. एका गटाने एका कागदावर सबंध शाळेचे मुख्य वेळापत्रक लिहावे : वार, तास, इयत्ता, विषय व शिक्षक. दुसऱ्या गटाने केवळ त्या कागदावरून प्रत्येक इयत्तेचे वेगळे वेळापत्रक तयार करावे आणि तिसऱ्याने प्रत्येक शिक्षकाचे. आता चौथ्या गटाने एका इयत्तेच्या कागदावर गुपचूप एक तास बदलावा. शिक्षकाचा कागद आणि इयत्तेचा कागद ताडून पाहिल्यास घोळ कोठे झाला ते दिसेल. त्यानंतर मुख्य वेळापत्रकात दुसराच एखादा बदल करून सर्व कागद नव्याने लिहावेत. चौथ्या गटाने केलेला बदल कोठे गेला, आणि तो टिकवावयाचा असता तर कोठे करावयास हवा होता, याचा विद्यार्थ्यांनी विचार करावा.

प्रश्न

१. अर्पानेटमधील नावांची एकच यादी पुढे अपुरी का पडली?

२. 'ग्रब'ची अंतिम फाइल कोणत्या तीन ठिकाणांहून तयार होते? त्यांपैकी माणसाने कोणकोणत्या ठिकाणी लिहावे?

३. डेबियनमध्ये नवी आवृत्ती बसविताना यंत्र माणसास केव्हा विचारते व केव्हा विचारीत नाही? तीन प्रती ताडून पाहण्याऐवजी दोनच पाहिल्या असत्या, तर काय कळले नसते?

४. वाचनालयाच्या उदाहरणात इंग्रजी पुस्तके सापडत राहिली, यामुळे चूक ध्यानात येण्यास मदत झाली की अडथळा? कारण लिहा.

५. तुमच्या शाळेत किंवा ग्रंथालयात एकाच माहितीच्या दोन प्रती कोठे ठेवल्या जातात? त्यांपैकी मूळ कोणती व उतरलेली कोणती, हे प्रत्येकास ठाऊक आहे काय?